बालोतऱ्याची नोकरी

मे महिन्यात कोणी शहाणा माणूस राजस्थानात जात नाही. आम्ही गेलो, आणि तेही एसी नसलेल्या जुन्या व्हॅनमधून. पालनपूर मागे पडेपर्यंत माझी कंबर कामातून गेली होती, ओठ फुटले होते आणि मित्राशी बोलणं मी जवळजवळ सोडून दिलं होतं. मी काही बोललो की हा बाबा स्टिअरिंग धरून अख्खं तोंड माझ्याकडे वळवायचा. समोरून ट्रक येतोय आणि हा माझ्या तोंडाकडे बघतोय! "अरे, रस्त्याकडे बघ ना," म्हणून म्हणून माझा घसा सुकला. त्यात तो टेप. इतक्या मोठ्यानं लावायचा की दाराचा पत्रा थरथरायचा. मी आवाज कमी करायचो, थोड्या वेळानं तो परत वाढवायचा. च्यायला, रजा टाकून हे कुठलं सुख विकत घेतलं, असं मला वलसाडपासूनच वाटायला लागलं होतं.

मित्र म्हणजे भिवंडीत आमच्या चाळीमागे ज्यांची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती, त्या घरातला मधला मुलगा. आम्ही नोकरदार माणसं. वडील कचेरीत कारकून, पुढे मीही तिथंच. त्यांची मुळात खाडीकाठी भातशेती, आजोबांनी ती कमी करून शेड घातली. शाळेतून आलो की दप्तर फेकून मी त्या शेडमध्ये. आत खडखडाट एवढा की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू जात नसे. चहा आला, धागा तुटला, शेठ येतोय, सगळं हाताच्या खुणांनी आणि ओठांवरून चालायचं. बाहेर पडल्यावरही ही माणसं ओरडूनच बोलायची, लग्नात तशीच आणि मयतालाही तशीच. माझ्या आईचं डोकं उठायचं.

मग लाइट जायला लागली. अर्धा अर्धा दिवस लूम बंद. गावाला गेलेले कामगार परत येईनात. त्याच्या भावांनी लूम भंगारात काढले आणि शेड गोडाऊनला भाड्यानं द्यायचं ठरवलं. हायवेला वडप्याकडे सगळे तेच करत होते, भावांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. लूम तोडून टेम्पोत भरले त्या दिवशी हा जेवला नाही.

"मना गोडाऊनच्या दारात खुर्ची टाकून बसाचं न्हाय," तो मला म्हणाला. "मी लूमवाला हाय. दुसरं मना काय येतच न्हाय."

भिवंडीचं कोरं कापड रंगवायला बालोतऱ्याला जायचं, त्यामुळे तिकडच्या व्यापाऱ्यांशी त्याची ओळख होती. त्यातल्या एकानं तिथंच नव्या लूमचा कारखाना काढला होता आणि त्याला वीव्हिंग मास्टर हवा होता. त्यानं ह्याला भेटायला बोलावलं. "तू पन चल. जरा फिरनं होईल," हा म्हणाला. मी हो म्हटलं. लहानपणापासून त्याला नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

जालोर सोडल्यावर झाडं संपली. राहिली ती काटेरी झुडपं, रुईची रोपटी आणि वाळू. वाळू रस्त्यावर आलेली, दातांत आलेली, कानात आलेली. वाऱ्याला थंडावा म्हणून नाही. खिडकी उघडली तर भाजायचं, लावली तर गुदमरायचं. एका चढावर इंजिन तापलं आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. बॉनेट उघडून हा रस्त्याच्या कडेला उभा राहिला. टेप बंद, इंजिन बंद. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. माझ्याच श्वासाचा मला आवाज येत होता.

मी मागच्या बाजूनं म्हटलं, "पाण्याचा कॅन कुठे ठेवलास रे?" उत्तर नाही. परत विचारलं. हा वाळूकडे बघत उभा. रुसलाय की काय, असं वाटून मला राग आला. तेवढ्यात मागून ट्रक आला. लांबून हॉर्न देत येत होता, मैलभरावरून ऐकू यावा असा. आणि हा आरामात वळून रस्ता ओलांडायला निघाला! मी धावत जाऊन त्याचा शर्ट मागून खेचला. शर्ट टर्रकन फाटला. ट्रक अंगावर धूळ उडवून गेला.

"मरायचंय का तुला?" मी किंचाळलो. "हॉर्न ऐकू येत नाही?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं फाटलेल्या शर्टाकडे बघितलं आणि म्हणाला, "न्हाय येत."

मी वाळूतच बसलो. तो शेजारी बसला. कधीपासून, असं मी विचारलं, तर म्हणाला, कोणाला ठाऊक. शेडमध्ये कोणालाच काही ऐकू येत नव्हतं, त्यात ह्याला येत नाही हे ह्यालाही कळलं नाही. लूम गेले, शेड गप्प झाली आणि तरी काही ऐकू येईना, तेव्हा कळलं.

खरंच आहे. आमच्या गावात बहिरा माणूस ओळखायचा तरी कसा? सगळेच ओरडतात. मी जन्मभर त्याच्याशी ओरडत होतो आणि तो मला नीट उत्तरं देत होता.

"बायकोला माहीत आहे?"

"तिला वाटतं मी मुद्दाम ध्यान देत न्हाय. वाटू दे."

"अरे, डॉक्टरला दाखव. कानात घालायचं मशीन मिळतं."

"मशीन घालून गेलो तर कोन ठेवील मना?"

"म्हणून मला आणलंस होय, तुझे कान म्हणून?"

"मंग काय तुझ्या थोबाडाला बघून आनला?"

दोघंही हसलो. हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाळूमुळे आलं असं मी त्याला सांगितलंही. मग त्यानं पिशवीतला दुसरा शर्ट घातला, आम्ही इंजिनात पाणी ओतलं आणि निघालो. तो रस्त्याकडे बघत राहिला आणि मी एक शब्द बोललो नाही. टेप मात्र मीच मोठ्यानं लावला.

कारखान्याचं ऑफिस थंडगार होतं. मालक तरुण, गोड, आणि बोलायचा इतक्या हळू की मलाच पुढे वाकावं लागे. त्यात तो खिडकीला पाठ करून बसलेला. मागे रखरखीत ऊन, त्यामुळे त्याचा चेहरा नुसता काळा दिसत होता. मित्र डोळे बारीक करून बघत होता आणि मालकाचं वाक्य संपायच्या आतच "हां जी, हां जी" करत होता. मी म्हटलं, शेठ, उन्हानं माझं डोकं दुखतंय, पडदा ओढला तर चालेल का? पडदा ओढल्यावर मालकाचे ओठ दिसायला लागले आणि गाडी रुळावर आली. ताण्याचं, बाण्याचं, कामगारांच्या शिफ्टचं, काय विचाराल ते ह्यानं सांगितलं. माझी कॉलर ताठ झाली.

मग मालक आम्हाला मशीनवर घेऊन गेला. तिथे तर विचारू नका. त्या गोंगाटात मालकाला काही ऐकू येईना, मलाही येईना, आणि हा एकटा सगळ्यांचं समजत होता. कामगारांशी हातानं बोलला. ते लगेच हसले, त्यांच्यातले दोघं-तिघं पूर्वी भिवंडीला राहून गेलेले निघाले. मालक खूश. मित्राच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी रंग बघत होतो. मिळाली, मी मनात म्हटलं. मिळाली रे बाबा तुला नोकरी.

आम्ही बाहेर अंगणात आलो. दुपारचं अंगण, चिटपाखरू नाही. हा पुढे चालत होता, मान वर करून पत्र्याची शेड न्याहाळत. मालक आणि मी मागे.

"मास्टरजी," मालकानं हाक मारली. मग पुन्हा. मग जरा मोठ्यानं, "मास्टरजी!"

हा चालतच राहिला. मालकानं माझ्याकडे बघितलं. "विचारात असेल," मी म्हटलं. मालकानं मान हलवली, आम्हाला फाटकापर्यंत सोडलं, पाणी पिऊन जायचा आग्रह केला आणि म्हणाला, विचार करून संध्याकाळपर्यंत फोन करतो. मित्रानं त्याला माझा नंबर लिहून दिला.

परतीला गाडीत तो एकसारखा बोलत होता. खोली कुठे घ्यायची, पोरांना इकडे आणायचं की सुट्टीपुरतं, बायकोला इथलं पाणी मानवेल का. मी हूं हूं करत होतो. थकवा एवढा होता की डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं तरी मी ते उचलत नव्हतो.

ऊन उतरताना एका ढाब्यावर थांबलो. बाजेवर ट्रकवाले पहुडलेले, चहा उकळत होता. फोन वाजला. मी उठून जरा बाजूला गेलो. मालक फार चांगला बोलला. माणूस हुशार आहे, म्हणाला, पण नव्या मशीनवर जोखीम आहे, उद्या कोणाचा हात गेला, कोणी हाक मारली आणि त्यांना... समजून घ्या. मी म्हटलं, समजलं.

परत येऊन बसलो. तो कप खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मला मान वर करवेना. खाली बघूनच मी हळू म्हटलं, "नाही जमणार म्हणाला."

"काय?"

"नाही म्हणाला."

"तोंड वर कर रे. काय बोलला?"

आता असली गोष्ट माणूस कोणाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, कानात सांगतो. मी मान वर केली आणि ओरडलो, "नाही म्हणाला! ठेवत नाही तुला!"

बाजेवरचे ट्रकवाले उठून बसले. चहावाल्याचा हात थांबला. अख्खा ढाबा त्याच्याकडे बघत होता.

त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली, कप उचलला आणि म्हणाला, "वरडतोस कशाला? बहिरा हाय का मी?"