लहरींना वाट

माझ्या थोरल्या मामांइतका लहरींवर जीव लावलेला माणूस अख्ख्या प्रवरेच्या काठी सापडायचा नाही. कोल्हारच्या पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, दुकान गेलं, मामा शेतावर राहायला आले. डोक्यातल्या लहरी मात्र जागच्या हलल्या नाहीत. चुलीपाशी शेकणाऱ्या पाहुण्याला ते ऐकवायचे, "ही ऊब म्हंजे बी लहरच हाय. दिसत न्हाई, पन लागती." माझा हात मोडला तेव्हा विचारपूस राहिली बाजूला, एक्स-रेची फिल्म उन्हाकडे धरून म्हणाले, "ही रेडिओच्या लहरीची धाकटी भईन. लई आखूड. मांसातून आरपार जाती, हाडाला अडती." एका लग्नात तर लांब आणि आखूड लाट दाखवायला त्यांनी मांडवाचा दोर असा हलवला, की मांडवाचा कोपराच वऱ्हाडाच्या डोक्यावर आला. वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. पण ते नसले की कार्य सुनं वाटायचं.

गेल्या वर्षी मामी घसरून पडली आणि खाटेला खिळली. एकुलती एक लेक कॅनडात. घराला लागून उंच ऊस, त्यामुळे खाली रेंज नसायची. लेकीचा व्हिडिओ कॉल मामी गच्चीवर जाऊन घ्यायची. आता जिना चढणं संपलं. ती भिंतीकडे तोंड करून पडायची, दोन घासही नको म्हणायची.

मामांनी फोन उंच धरून सगळं शेत पालथं घातलं. "मोबाईलच्या लहरी आखूड," ते मला म्हणाले, "वल्ल्या पाल्यातच मुरत्यात. रेडिओच्या लांब लहरी असत्या तर वळसा घालून आल्या असत्या."

कारखान्याची तोड दोन महिने लांब होती. मामांनी कोयता उचलला आणि मामीच्या खिडकीपासून टॉवरच्या दिशेनं, दोरी लावून, उभ्या उसातून गाडीवाटेएवढा पट्टा कापला. शेजारी धावत आला, "अन्ना, याड लागलं का तुमाला?"

"लहरींना वाट करून देतोय."

रेंज आली नाही. तो टॉवर दुसऱ्याच कंपनीचा होता! दुसऱ्या दिवशी मामांनी सिमकार्ड बघून नवी दोरी लावली आणि दुसरा पट्टा कापला.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी तिथंच होतो. लेकीचा चेहरा स्वच्छ उमटला. मामी आधी रडली, मग हसली, मग काय खाल्लंस म्हणून तिला विचारत बसली. शेवटी मामीनं फोन मामांकडे वळवला. "अण्णा, आवाज येतोय का? अण्णा?" लेक विचारत राहिली. मामा नुसते बघत होते.

"रेंज हाय गं बाई," मामी म्हणाली, "त्यांनाच बोलवंना."