होडीतून न उतरलेला पाहुणा

इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत आमच्या शेजारी नगरकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. जबल अली बंदराच्या गोदामात सुपरवायझर आहेत. बोलता बोलता मध्येच डोळे मिटतात आणि मग सावकाश वाक्य पुरं करतात. त्यांच्या चर्चचं ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका आदिवासी ख्रिस्ती मंडळीशी नातं आहे. त्यांनी बोलावलं म्हणून गेल्या वर्षी हे गेले. विमानं बदलत, मग नदीतून होडीने. गाव दिसू लागलं आणि यांना खोकला सुरू झाला. बाहेरून आलेल्या साध्या खोकल्यानेही तिथे पूर्वी माणसं दगावली होती. हे होडीतच बसून राहिले.

"बायका काठावरून हाका मारत होत्या," ते म्हणाले. "मी हात जोडले, खोकून दाखवलं."

"मग?"

त्यांनी डोळे मिटले. "संध्याकाळी सगळं गाव काठावर येऊन बसलं. मी होडीतून आपलं मराठी गीत म्हटलं, त्यांनी त्यांच्या भाषेतलं. अंधारात नुसते आवाज पाण्यावरून येत होते. सकाळी परत फिरलो."

"इतक्या लांब जाऊन पाऊलही ठेवलं नाहीत. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. वाटेत रडलो. पुढे निरोप आला, गावात कोणी आजारी पडलं नाही. तेव्हा कुठे मला नीट झोप लागायला लागली."