चकतीवरची अकरावी रेघ

एक सांगा, भरोसा कोणावर ठेवाल? ज्यानं जन्मात कधी ग्लासाला हात लावला नाही त्याच्यावर, की ज्यानं बारा वर्षं ढोसली आणि मग एक दिवस सोडली त्याच्यावर? घाई नका करू. चहा येऊन राहिला, तोवर ऐका.

दुकानदाराकडे किस्से कसे साचतात, तर माझ्या पाइप-फिटिंगच्या दुकानात काउंटरखाली एक खोका आहे. थ्रेड गेलेले नळ, जोडी हरवलेले एल्बो, गिऱ्हाइकानं परत आणून टाकलेले सॉकेट, सगळं त्यात. विकलं जात नाही, फेकवतही नाही. किस्स्यांचंही तसंच. माझ्याकडच्या खोक्यात एकाच सफरीचे सहा-सात किस्से पडलेत, आणि त्यातला एक अजूनही कशालाच बसत नाही.

मी आठवीपर्यंत शिकलो, पुढचं काउंटरनं शिकवलं. रायपूर छत्तीसगढची राजधानी झालं आणि आमचे दिवस फिरले. नव्या राजधानीत आधी जमिनीत पाइप जातो, मग वरती साहेब येतो. ब्राह्मणपाऱ्यातलं माझं एका शटरचं दुकान तीन शटरचं झालं. कंपनीनं टार्गेट दिलं, आम्ही पुरं केलं, आणि बक्षीस म्हणून तीन डीलर जर्मनीला निघाले. मी, पुरानी बस्तीतले साहू भैया, आणि उरला गावाच्या रस्त्यावर पंपाचं दुकान असलेला आमचा विलास. सोबत कंपनीचे तिवारीजी.

कार्यक्रमाचा कागद आला. तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं: कोलोन शहर, जुन्या गल्ल्यांतून बिअर टेस्टिंग, गाइडसह, चार ठिकाणं.

विलासनं दारू सोडल्याला अडीच वर्षं झाली होती. डॉक्टरनं सोनोग्राफी दाखवून त्याला सांगितलं होतं, "यानंतर एक जरी घेतली, तर पुढच्या वेळी फोटो तुम्हाला दाखवणार नाही, घरच्यांना दाखवीन."

* * *

निघायच्या आदल्या दिवशी सुनंदावहिनींनी, म्हणजे विलासच्या बायकोनं, मला घरी बोलावलं. समोर चिवड्याचे दोन डबे ठेवले.

"भाऊजी, मी याले कंपनीच्या भरोशावर पाठवत नाही. तुमच्या भरोशावर पाठवून राहिली."

मी म्हटलं, "वहिनी, नजर हटू देणार नाही."

"अजून एक. तुम्हीही घ्यायची नाही."

"मी कुठं घेतो? वर्षातून एखाद्या लग्नात…"

"तेच. तेवढीही नाही. तुम्ही घेतली की याले वाटते, चालते."

विलास कोपऱ्यात बुटांना पॉलिश करत होता. मान वर न करता म्हणाला, "विमान अजून उडालं नाही, अन् माझी जमानत आधीच झाली."

वहिनी हसल्या नाहीत. मीही नाही.

* * *

विमानात ट्रॉली आली. विलास वाटेकडच्या सीटवर, मी मधात. ती पोरगी त्याच्याकडे वाकून इंग्रजीत काही विचारणार, तेवढ्यात मी त्याच्या छातीवरून हात आडवा घालून म्हटलं, "टोमॅटो ज्यूस. दोघांनाही."

ट्रॉली चार वेळा आली. चारही वेळा माझा हात आडवा. आम्ही दोघांनी मिळून आठ ग्लास टमाटरचा रस प्यायला.

शेवटी विलास म्हणाला, "भाऊ, झोपा थोडं. इतक्या उंचावरून मी कुठं पळून जाऊन राहिलो?"

पलीकडून साहू भैया बोलले, "पळायचं नाही त्याला, भैया. दुकानच चालत त्याच्याकडे येऊन राहिलं."

* * *

कोलोनमध्ये आमची गाइड म्हणजे उर्सुलाबाई. साठीच्या, पांढरे केस, हातात मिटलेली लाल छत्री. पहिल्या बिअरघरात बसल्या-बसल्या त्यांनी इथली रीत इंग्रजीत सांगितली, तिवारीजींनी आम्हाला हिंदीत समजावली. इथला ग्लास लहान, तीन बोटं रुंद. निळ्या अॅप्रनमधला वेटर काही विचारत नाही. ग्लास रिकामा दिसला की भरलेला ठेवतो, आणि खालच्या पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. शेवटी रेघा मोजायच्या. थांबायचं असेल तर तीच चकती ग्लासावर ठेवायची. ठेवली नाही, तर येतच राहते.

साहू भैयांनी विचारलं, "मतलब रोकना अपने हाथ में है?"

"हाँ जी," तिवारीजी म्हणाले.

"फिर तो मुश्किल है."

तोवर वेटरनं चार ग्लास मांडलेसुद्धा. एक विलासच्या पुढ्यात. विलासनं लगेच भरल्या ग्लासावर चकती ठेवली. वेटरनं ती उचलून परत खाली ठेवली आणि काही बोलला. उर्सुलाबाईंनी सांगितलं, "तो म्हणतो, भरलेल्याला टोपी घालत नाहीत."

विलास म्हणाला, "पाणी सांगा मले."

बाईंनी ते वेटरला सांगितलं. त्यानं विलासला वरून खाली पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "सोबत साबण आणि टॉवेलही आणू?"

आजूबाजूची तीन टेबलं हसली. बाई घाईनं सांगत होत्या की ही इथल्या वेटरांची जुनी गंमत आहे, मनावर घेऊ नका. पण मी विलासचे कान पाहत होतो. लाल झाले होते. त्याची ती बारा वर्षं मी पाहिलीत. त्याची प्रत्येक बाटली अशाच कुणाच्या तरी हसण्यानं उघडली होती. माझा हात टेबलाखाली त्याच्या गुडघ्याकडे गेला.

विलासनं माझा हात बाजूला केला आणि बाईंना म्हणाला, "त्याले सांगा, साबण आण. पण आंघोळ तूच घालून दे."

तिवारीजींनी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं, बाईंनी वेटरला जर्मनमध्ये. वेटर क्षणभर थांबला, मग स्वतःच सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. पाणी आलं, तेही बिअरच्याच ग्लासात. चकतीवर रेघ ओढली नाही.

माझ्या पुढ्यातला ग्लास तिवारीजींनी आधीच स्वतःकडे घेतला होता. टोपी काढलेला तो ग्लास मात्र तसाच उभा होता. साहू भैयांनी तो ओढून घेतला. "हव," म्हणजे हो, "इसको अनाथ नहीं छोड़ेंगे."

* * *

दुसऱ्या ठिकाणी वास घ्यायचा होता. बाई म्हणाल्या, डोळे मिटा, ग्लास नाकाजवळ धरा, आणि काय आठवतं ते सांगा. त्या वहीत लिहून घेत होत्या.

साहू भैयांनी हुंगलं आणि सरळ छत्तीसगढीत बोलले, "ये तो बासी के पानी कस महकत हे." रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात ना, त्या पाण्यासारखा वास. बाईंना खूप आवडलं. लिहून घेतलं.

मग त्यांनी ग्लास विलासपुढे धरला. "फक्त वास. वासाला तर काही हरकत नाही ना?"

मी म्हणालो, "हरकत आहे." पण मराठीत म्हणालो. बाईंना काय कळणार.

विलासनं ग्लास घेतला. डोळे मिटले. साहू भैयांनी हुंगायला दोन सेकंद घेतले होते. विलासचे संपेनात. ग्लासाची कड त्याच्या मिशीला लागली होती. टेबलाखाली मी कुणाचा तरी पाय दाबून धरला होता. तो तिवारीजींचा निघाला.

मग विलासनं डोळे उघडले, ग्लास हळूच खाली ठेवला. "तीन वर्षांमागचं माझं घर," तो म्हणाला. "मी दारात आलो की माझी पोट्टी नाक दाबून आत पळे. तोच वास."

बाई तिवारीजींकडे पाहू लागल्या. तिवारीजींनी घसा साफ करून इंग्रजीत सांगितलं, "ओल्ड हाउस."

बाईंनी मान डोलावून लिहिलं. म्हणाल्या, "फार छान. मोठे जाणकारसुद्धा हेच म्हणतात. जुन्या घराचा, तळघराचा वास."

* * *

तिसऱ्या ठिकाणचा किस्सा लहान आहे. तिथं काचेआड तांब्याचं मोठं भांडं होतं. बाई चवीबद्दल सांगत होत्या, आणि साहू भैया काचेच्या बाजूनं आत शिरून त्या भांड्याला नाण्यानं ठोकून पाहत होते. पत्र्याची जाडी आम्ही काउंटरवर अशीच पाहतो. आवाजावरून कळते. पहारेकरी धावत आला.

"गेज देख रहा था, भैया," साहू भैयांनी त्याला छत्तीसगढच्या हिंदीत समजावलं. "माल असली है. चिंता मत करो."

मी तिवारीजींमार्फत बाईंना विचारलं, या भांड्याचा वॉल्व्ह कुठून घेतला. बाई आम्हाला म्हणाल्या, "मी वीस वर्षं लोकांना फिरवतेय. वॉल्व्ह कुठून घेतला, हे विचारणारे तुम्ही पहिलेच."

* * *

आता चौथं ठिकाण. इथं चूक माझी आहे, ते आधीच सांगून टाकतो.

बसल्यावर बाई म्हणाल्या, इथं पिंपं तळघरात असतात, बिअर पाइपानं वर येते. बघायची आहे का? पाइप म्हटल्यावर मी आणि साहू भैया एकदमच उठलो. विलासला म्हटलं, "चाल."

"खाली पंप आहे का?"

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गॅसच्या दाबानं चढते.

"मग मी काहून येऊ? तुम्ही जा."

मी थबकलो. त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास होता. तिवारीजी शेजारी होते. दहा मिनिटांचं काम.

खाली स्टीलच्या लायनी भिंतीभर गेल्या होत्या. पन्नास तरी जोड असतील, आणि एकाखालीही ओल नाही. साहू भैया प्रत्येक जोडाखालून बोट फिरवत होते. मी खिशातल्या कागदावर पाइपांची वाकणं काढून घेत होतो. दहाची वीस मिनिटं झाली. वर आलो तेव्हा तिवारीजी फोन कानाला लावून रस्त्यावर उभे होते, आणि विलास टेबलावर एकटा.

बाईंनी निरोप घेतला. आम्ही आणखी थोडं बसलो. निघताना वेटरनं चकती पुढे सरकवली. इथं सगळ्या टेबलाच्या रेघा एकाच चकतीवर होत्या. अकरा रेघा.

आमची सवय वाईट. गाडीतून माल उतरला की नग मोजल्याशिवाय सही नाही. साहू भैया म्हणाले, मी सहा. तिवारीजी म्हणाले, मी चार. मी शून्य. बाई कामावर असताना घेत नाहीत. दहा झाले.

मी परत मोजलं. बोट एकेका रेघेवर ठेवून. अकरा.

वर पाहिलं तर विलास माझ्या बोटाकडे पाहत होता.

"भाऊ, तुम्ही रेघा मोजून राहिले की मले मोजून राहिले?"

माझं बोट अजून अकराव्या रेघेवरच होतं. तेवढं पुरलं. तो उठला, जाकीट खुर्चीवरच टाकून बाहेर गेला.

* * *

आधी वाटलं, दारातच असेल. नव्हता. तिवारीजी हॉटेलकडे गेले, साहू भैया स्टेशनकडे. मी विलासचं जाकीट काखेत धरून गल्लीतून निघालो. त्या गल्लीत दर तिसरं दार बिअरघराचं. मी प्रत्येक दारात आत डोकावत होतो, आणि प्रत्येक दारातला वेटर माझ्यासाठी ग्लास उचलत होता. वहिनींना फोनवर काय सांगायचं त्याची पहिली ओळही जुळत नव्हती.

मोठ्या चर्चच्या मागे एक छोटं कारंजं आहे. विलास त्याच्या कठड्याला कान लावून वाकला होता.

मी जवळ गेलो. तो तसाच वाकून म्हणाला, "आवाज ऐका. बेअरिंग गेलं आहे. हे लोक महिनाभरात मोटर जाळतीन."

मी जाकीट त्याच्या खांद्यावर टाकलं आणि सांगितलं, साहू भैया त्याला शोधायला स्टेशनावर गेलेत. तो सरळ झाला, माझ्यापुढे उभा राहिला. तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं.

"घ्या," म्हणाला. "हुंगा. तुमचं समाधान करून टाका."

एवढ्याजवळ होता की एक श्वास घेतला असता तर सगळं कळलं असतं.

मी रुमाल काढून नाकाला लावला. "मले सर्दी झाली आहे," मी म्हणालो. "दोन दिवसांपासून काहीच वास येत नाही."

त्यानं जाकिटात हात घातले. मग म्हणाला, "चला. साहू भैया स्टेशनावरून चुकीच्या गाडीत बसतीन."

हॉटेलपर्यंत आम्ही मोटरबद्दल बोललो.

* * *

रायपूरला माना गावाजवळच्या विमानतळावर वहिनी उभ्या होत्या, सोबत विलासची पोट्टी. पोट्टी आता कॉलेजात होती, पण बापाच्या गळ्यात पडली तशी क्षणभर थांबली. तिनं श्वास घेतला की नाही, मला दिसलं नाही. मी मुद्दाम बॅगांकडे पाहत होतो.

वहिनी नवऱ्याकडे गेल्याच नाहीत. सरळ माझ्यापाशी आल्या.

"भाऊजी, तुम्ही घेतली का?"

"नाही."

"एक घोटही?"

"वहिनी, एक थेंबही नाही."

"बस मग," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातून चिवड्याचा रिकामा डबा घेतला. विलासबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आजपर्यंत नाही. विलास आजही उरल्याच्या रस्त्यावर पंप विकतो आणि पाणीच पितो.

ती चकती मी खिशात घालून आणली होती. घ्या, हातात घेऊन पाहा. साहू भैया अजून पोरांची शपथ घेऊन सहा म्हणतात, तिवारीजी चार. वेटर गर्दीत दोनदा पेन्सिल चालवू शकतो, हेही धरा. वीस मिनिटं मी तळघरात होतो, तेही धरा. तुम्ही सगळं ऐकलंय, तेव्हा हिशोब तुम्हीच लावा. फक्त इमानदारीनं लावा, आणि बेरीज जुळत नाही म्हणून उरलेली रेघ कुणाच्या नावावर टाकू नका.