आत्याचं वाक्य कुणी तोडलं?

परवा परळला एका प्रदर्शनाला आत्याला घेऊन गेलो आणि डोकं फिरवून घेऊन परत आलो... दोन दिवस झाले, राग उतरत नाहीये.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या गिरणगावकरांच्या आठवणी एका मंडळाने गोळा केल्यात. आत्या तेव्हा लालबागच्या चाळीत नवी सून होती. तिची आठवण मीच टाइप करून पाठवली होती: 'मी भाकऱ्या भाजल्या, पाणी वाटलं, डोकं फुटलेल्या एका कामगाराला माळ्यावर लपवलं, पोलीस आले तेव्हा दार अडवून उभी राहिले.'

बोर्डावर काय छापलं? 'मी भाकऱ्या भाजल्या.' खाली आत्याचं नाव. बस.

मी म्हटलं, अगं, हे अर्धंच आहे! ती बोर्डाकडे बघत राहिली. म्हणाली, "तेवढांच असात रे... इतकी वर्सां झाली." पोलिसांपुढे न हललेली बाई छापील बोर्डापुढे माघार घेत होती... तिथे माझं टाळकं सटकलं.

बाकीचे बोर्ड वाचले. पुरुषांचे बहुतेक ठीक, 'मोर्चात लाठी खाल्ली' वगैरे, एका दमातले. बायकांचे मात्र 'स्वयंपाक केला', 'मुलं सांभाळली'. आमच्या बायका घरातलं आधी सांगतात आणि मोठं काम शेवटी, जाता जाता.

मंडळाच्या कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, नाव आणि आठवण यांच्यामध्ये स्वल्पविराम. मग आठवणीतला पहिला स्वल्पविराम आला की मशीनला वाटणार रकाना संपला. पुढचं सगळं गायब!

वर त्याचं म्हणणं, लोकांनी स्वल्पविराम वापरायलाच नको होते, आता काढून टाकतो. का म्हणून? माणसं बोलतात तशी बोलणार, रकाने तोडायची खूण तू बदल. मग त्याला उभी रेघ सुचली... ती तर लोकांनी आठवणींत लिहिलेल्या चळवळीच्या कवनांच्या ओळी संपवायला जागोजागी टाइप केलेली. शेवटी कीबोर्डवरच्या टॅबची मोकळी जागा हीच खूण घ्यायला लावली. आधी सगळ्या आठवणींत शोधून पाहिलं, टॅब कुणीच मारला नव्हता.

आज नवे बोर्ड लागले. आत्याने आपला बोर्ड शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. मग शेजारी उभ्या अनोळखी बाईंना सांगायला लागली, "हात थरथरत होते माझे... पण दार सोडूक नाय."

हे थरथरणारे हात आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हते. वाक्य पुरं छापलं, तेव्हा कुठे तिला पुढचं सांगावंसं वाटलं.