कोपऱ्यातलं टेबल

उमरग्याच्या स्टँडवर भिजलेल्या कुत्र्याचा वास आला, की मला क्रूझवरची वेटरची नोकरी आठवते. एका दुपारी जहाज हलत होतं. एका अंध बाईंच्या पायाशी त्यांना वाट दाखवणारा, डेकवरच्या पावसात भिजलेला कुत्रा गप पडून होता. शेजारच्या टेबलावरचे काका माझी बोली ओळखून म्हणाले, “तुमी आपल्याकडलेच की! ते कुत्रं तेवढं हलवा, घास उतरंना.” कुत्र्याला तिथं परवानगी आहे, हे मला ठाऊक होतं; तरी मी बाईंना कोपऱ्यातल्या टेबलावर बसायला सांगितलं. “यानं काही केलं का?” त्यांनी विचारलं. “नाही,” मी म्हणालो. त्या उठल्या, कुत्र्याला घेऊन बाहेर गेल्या आणि पुन्हा जेवायला आल्याच नाहीत. पुढचे चार दिवस मी ताटं वाढताना दाराकडं बघत राहिलो. त्यांच्या केबिनपर्यंत मी का गेलो नाही, हे मला अजून सांगता येत नाही.