स्टेपनीच्या जागी सागाच्या फळ्या

चूक माझी होती. घरच्या पलंगासाठी घेतलेल्या सागाच्या फळ्या बसाव्यात म्हणून मी सरकारी जीपमधली स्टेपनी सिरोंच्यालाच काढून ठेवली. वाटेत एका शेतकऱ्याने बाळंतपणात अडलेली बायको जीपमध्ये आणून घातली. दवाखाना दूर होता. भर जंगलात टायर फुटला.

"साहेब, स्टेपनी कुठी हाय?" त्याने विचारलं.

"ड्रायव्हर विसरला," मी म्हणालो.

"काऊन गा, घरी झोपून होता का तू?" तो ड्रायव्हरवर ओरडला. ड्रायव्हरने फक्त माझ्याकडे पाहिलं.

ड्रायव्हर आणि शेतकऱ्याने मिळून टायरमध्ये गवत कोंबलं. मैलभरात त्याचा भुगा झाला. त्याची बायको जीपमध्येच गेली.

पाच वर्षांनी त्या शेतकऱ्याच्या अंगणात गेलो आणि म्हणालो, "भाऊ, स्टेपनी मीच काढली होती. मला माफ करा."