तालमीची माती आणि मुक्कामी गाडी

सांगली स्टँडवर युसूफभाईंनी हळदीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. ते हळदीचे व्यापारी, माझे शेजारी. तरुणपणी माण तालुक्यातल्या खडकेवाडीच्या तालमीत कुस्ती शिकले. तालमीच्या मातीत तेल, ताक, हळद मुरवतात. त्यातली हळद दरसाल युसूफभाईंची. "वस्तादास्नी सांगा, गुडघा चालू देत न्हाई, न्हाईतर मीच आलो असतो," ते म्हणाले. बायको गेल्यापासून मला घर खायला उठतं. कुणी काम सांगितलं की मी निघतोच.

विट्यापर्यंत खिडकीत ऊस होता. मायणीनंतर माळ, मेंढरं आणि धूळ. दहिवडीहून वडापात (माणसं कोंबून नेणारी जीप) बसलो तेव्हा पिशवी डोक्यावर धरावी लागली आणि उतरेपर्यंत मी पिवळा झालो होतो.

दोन बोडक्या डोंगरांमध्ये खडकेवाडी. पायथ्याला कोरडा ओढा, देवळापुढे वीरगळ (लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड). कुठली लढाई, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या काळी पुरुष लढायला जात, आता मुंबईला कामाला. गावात बायका आणि म्हातारे. मला पाणी मिळालं, पण गप्पा मारायला कुणी सापडेना. सगळे ग्रामसभेला निघाले होते.

सभा लिंबाखाली. महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंच इंदूबाई उभ्या राहिल्या. "कंडक्टरला इंचू चावला. डेपोवालं म्हणत्यात, निजायला पक्की खोली द्या, न्हाईतर मुक्कामी गाडी बंद." मुक्कामी, म्हणजे रात्री गावातच थांबून पहाटे परतणारी एस.टी. गावाला ती एकच. पंचायतीच्या कचेरीचे पत्रे वाऱ्याने उडालेले. धड छप्पर फक्त तालमीला.

"मुंबईकरांस्नी इचारल्याबिगर तालमीला हात लावायचा न्हाई," एक म्हातारा म्हणाला.

"इचारा की! पन ती मानसं गावाला येनार कशानं?" इंदूबाई म्हणाल्या.

सगळे वस्तादांकडे बघू लागले. तालमीत कित्येक वर्षांत पोरगं फिरकलं नव्हतं, तरी हा म्हातारा रोज माती खणून भुसभुशीत ठेवायचा.

"पोरं यायची तर गाडी पायजे," ते सावकाश म्हणाले. "द्या तालीम."

संध्याकाळी गाडी यायच्या आत माती काढायची होती. चार घमेली उचलताच म्हातारे दमले. मीही लागलो, पण माझा काय उजेड पडणार? बायका उंबऱ्याबाहेर थांबलेल्या. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, असा गावचा रिवाज.

"आत या गं लेकींनू," वस्ताद म्हणाले. "माती काय चावती व्हय?"

इंदूबाईंनी चपला काढल्या, माती कपाळाला लावली आणि घमेलं भरलं. मग सगळ्याच आल्या. लाल माती वीरगळांशेजारी साचत गेली.

आता हळद द्यावी की न द्यावी, मला कळेना. शेवटी दिली. वस्तादांनी पिशवी हुंगली, सोडली, सगळी हळद त्या ढिगावर टाकली आणि दोन्ही हातांनी कालवत बसले. मला ते बघवेना.

"युसूफला ह्यातलं काई सांगू नगा," ते म्हणाले. "म्हनावं, माती लय झ्याक हाय."

पहाटे गाडीत मी एकटाच होतो. वस्ताद काठी टेकत आले आणि कंडक्टरला विचारलं, "झोप लागली का?"

"लय गार वाटलं, आजा."

"मग रोज या," वस्ताद म्हणाले.

सांगलीत युसूफभाई दुकानाच्या पायरीवरच वाट बघत होते. "माती कशी हाय?"

"झ्याक आहे."

"आन् पोरं?"

हे वस्तादांनी मला शिकवलं नव्हतं. "येतील," मी म्हणालो.

ते खूश झाले. "फुडल्या सालीबी तुमीच न्या हळद."

नेणार आहे. कुलूप काढून मी रिकाम्या घरात शिरलो, हात धुतले, तरी बोटं पिवळीच राहिली. पुढल्या वर्षी कुणीतरी माझी वाट बघणार होतं. त्या ढिगावर का होईना, हळद टाकायला मला जायचंच होतं.